शिवारातला ऊस आणि ओढ्याकाठचं काश

वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उसाचं शास्त्रीय नाव ‘सॅकरम ऑफिसिनॅरम’ असं दिलेलं असतं. लिनियसनं १७५३ मध्ये ठेवलेलं हे नाव परीक्षेत लिहिलं की गुण मिळतात. पण शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या तालुक्यांत आज जो ऊस उभा आहे, त्याला ते लागू पडत नाही. कारखान्याच्या नोंदीत त्याची नावं निराळीच असतात : को ८६०३२, कोएम ०२६५, कोसी ६७१. ही वाणांची नावं झाली. मग या वाणांची प्रजाती कोणती, असं विचारलं तर अभ्यासक एखादं नाव सांगत नाहीत; ‘सॅकरम संकर’ एवढ्यावर थांबतात. ज्या पिकावर कोल्हापूर जिल्ह्याचं राजकारण, सोसायट्यांची कर्जं आणि मुलींची लग्नं ठरतात, त्या पिकाला शास्त्राच्या खातेवहीत स्वतःची अशी प्रजाती नाही. त्यात मुख्यतः दोन प्रजाती मिसळलेल्या आहेत, आणि त्यांतली एक म्हणजे पावसाळा सरताना ओढ्यानाल्यांच्या काठी पांढरे तुरे काढणारं काश, शास्त्रीय नाव ‘सॅकरम स्पॉन्टेनियम’. उसाच्या संकराची ही हकिकत शेतीच्या मासिकांत उतारा आणि एकरी टनाच्या हिशेबात येऊन जाते. प्रजाती म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मात्र तिथं कुणी विचारत नाही. माझ्या मते तो विचारायला उसाइतकं जवळचं उदाहरण आपल्याकडं दुसरं नाही. आणि उसानं दिलेलं उत्तर असं, की प्रजातीची ओळख तिच्या रक्ताच्या शुद्धतेवर टिकत नाही. ती कुठं आणि कशी जगते, कोण तिला निवडतं, यावर टिकते.

आधी ही दोन झाडं शेजारी ठेवून पाहू. एका बाजूला जुना, निखळ ऑफिसिनॅरम. डचांनी जावात त्याला ‘नोबल केन’ म्हटलं. आपल्याकडं दख्खनच्या कालव्यांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जो पुंड्या ऊस होता, तो याच घराण्यातला. जाड, मऊ, रसाळ; पेर दातानं सहज सोलावं असं. दुसऱ्या बाजूला काश. त्याचा दांडा पेन्सिलीएवढा, आतून भेंडासारखा, रस जेमतेम आणि त्यात गोडी नावाला. पान इतकं अरुंद, की बुडाशी मधली शीर तेवढी उरते. तुऱ्यावर रेशमी केस. जमिनीखाली मात्र आडव्या खोडांचं असं जाळं, की वरून जाळा, कापा, गुरं चारा, पुन्हा फुटतं. बुंदेलखंडात या गवतानं शेतंच्या शेतं गिळली आणि स्वातंत्र्यानंतर ती सोडवायला सरकारला ट्रॅक्टरांचे ताफे पाठवावे लागले. गुणसूत्रं मोजली तर ऑफिसिनॅरममध्ये ८० भरतात. काशाचा हिशेब मात्र एका आकड्यात बसत नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचे पांजे आणि बाबू यांनी ठिकठिकाणचे नमुने तपासून १९६० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही संख्या प्रदेशागणिक बदलते असं दिसलं. आज ती ४० पासून १२८ पर्यंत असल्याचं मानलं जातं. म्हणजे गुणसूत्रांच्या संख्येवरून प्रजाती ठरवायची म्हटली, तर काशाच्या एकट्याच्याच कित्येक प्रजाती कराव्या लागतील. तसं कुणी केलेलं नाही. कारण आफ्रिकेपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत हे गवत एकाच पद्धतीनं जगतं : नदीचा गाळ, मोकळी जमीन, पूर, आग, आणि पुन्हा फुटवा.

प्रजातीची व्याख्या आपण शाळेत शिकतो ती एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे. आपापसांत प्रजनन करणारे आणि इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीनं तुटलेले जीव म्हणजे एक प्रजाती. प्राण्यांच्या बाबतीत ही व्याख्या बरीचशी चालते. वनस्पतींनी तिला पहिल्यापासून दाद दिली नाही, आणि त्यात सगळ्यांत बदनाम झाड म्हणजे ओक. सह्याद्रीत ओक नाही. त्याचा आपल्याला जवळचा नातलग हिमालयातला बांज. पण युरोपातल्या ओकची गोष्ट इथं सांगायलाच हवी. तिथं दोन ओक शेजारी शेजारी वाढतात. एकाची फळं लांब देठावर लोंबतात, दुसऱ्याची फांदीला चिकटून येतात. पहिल्याला ओलसर, भारी जमीन मानवते, दुसऱ्याला निचऱ्याचा उतार. दोघांचा संकर होतो आणि संकराला पुढची पिढीही होते. आईकडून मिळणाऱ्या हरितलवकातला डीएनए तपासला, तर एका जंगलातले हे दोन वेगळे ओक एकमेकांशी जुळतात, आणि दूरच्या जंगलातला त्यांचाच जातभाई मात्र जुळत नाही. याचा अर्थ हिमयुग ओसरल्यापासून त्यांची देवाणघेवाण चालूच आहे. तरीही जंगलात हिंडणारा वनरक्षक देठ आणि पान पाहून बहुतेक झाडं बिनचूक ओळखतो. आल्फोन्स द कांदोल यांनी एकोणिसाव्या शतकात ओकच्या तीनशेवर प्रजातींची यादी केली आणि त्यांतल्या दोनतृतीयांश तरी तात्पुरत्या समजाव्यात असं म्हटलं. डार्विननं ही कबुली आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत आवर्जून घेतली. १९७६ मध्ये ली व्हॅन व्हेलेन यांनी ओकचाच दाखला देऊन मायर यांच्या व्याख्येला उघड आव्हान दिलं : प्रजाती टिकते ती परिसरातल्या आपल्या जागेमुळं, संकर होत नाही म्हणून नव्हे. हे म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं असं नाही. पण ओकच्या जंगलात मिळालेला पुरावा त्याच्या बाजूचा आहे.

उसानं तोच मुद्दा फार वेगानं, अवघ्या पन्नास वर्षांत दाखवून दिला. १८८० च्या दशकात जावातल्या उसावर ‘सेरेह’ नावाचा रोग आला. ऊस खुजा राहू लागला, पात्यांची पंख्यासारखी गर्दी होऊ लागली, मळे ओस पडायची वेळ आली. त्याच बेटावर चेरिमाई डोंगराच्या उतारावर ‘कासूर’ नावाचा रानटी ऊस उगवत असे. त्याला सेरेह होत नव्हता. ही तिसरीच प्रजाती असावी, असं आधी वाटलं. गुणसूत्रं मोजल्यावर कोडं सुटलं. कासूरमध्ये १३६ गुणसूत्रं निघाली. काळ्या चेरिबन नावाच्या नोबल उसाची ८० आणि जावातल्या काशाच्या ११२ पैकी निम्मी, म्हणजे ५६. बेरीज जुळते, फक्त आईनं आपली निम्मी गुणसूत्रं न देता सगळीच्या सगळी दिली, ही गोष्ट कुणाच्या पुस्तकात बसत नव्हती. ब्रेमर या डच अभ्यासकानं १९२० च्या दशकात ती नीट दाखवून दिली. नोबल ऊस आई आणि काश बाप असेल, तर आईचा वाटा पुरा आणि बापाचा निम्मा, असा हा अजब नियम. पैदास करणाऱ्याला तो वरदान ठरला, कारण पहिल्याच पिढीत उसाची गोडी पुष्कळशी शाबूत राहते. पुन्हा एकदोनदा नोबल उसाशी संकर केला, की काशाचा काटकपणा तेवढा उरतो आणि काडीपणा जातो. पूर्व जावाच्या संशोधन केंद्रात येस्विट यांनी हेच केलं. कासूरचा एका उसाशी संकर, त्या संततीचा ‘ईके २८’ या नोबल उसाशी संकर, आणि १९२१ मध्ये पीओजे २८७८ तयार. दहा वर्षांच्या आत जावाचं जवळपास सगळं ऊसक्षेत्र या एका वाणाखाली गेलं. लक्षात घ्यायचं ते हे, की या सगळ्याची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. कासूर डोंगराच्या उतारावर आपोआप झालेला होता. माणूस त्याच्यापाशी नंतर पोचला.

भारतात हे काम कोइमतूरला झालं. १९१२ मध्ये तिथं ऊस पैदास केंद्र निघालं, कारण उसाला तुरा येऊन त्यात रुजणारं बी धरतं, असं हवामान तिथं होतं. सी. ए. बार्बर आणि टी. एस. व्यंकटरामन यांनी ‘वेल्लई’ या नोबल उसाचा कोइमतूरच्या आसपास उगवणाऱ्या काशाशी संकर केला. त्यातून आलेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्यांना मिळाला. तुच्छ मानलेल्या गवताचा पराग घेऊन पीक सुधारायचं, ही कल्पना तेव्हा अनेकांना वेडगळ वाटली असणार. तिचा निकाल शेतात लागला. १९३० च्या दशकात व्यंकटरामन यांनी उसाचा बांबूशीही संकर करून पाहिला, तर जानकी अम्मल यांनी उसाचा मक्याशी. ते ऊस मळ्यापर्यंत पोचले नाहीत. पण निसर्गानं घातलेल्या कुंपणाची उंची आपण समजतो तितकी नाही, हे त्यांनी दाखवलं. महाराष्ट्राच्या दृष्टीनं महत्त्वाचा ठरला को ४१९. त्याचा एक पालक जावाचा पीओजे २८७८ आणि दुसरा कोइमतूरचा को २९०. म्हणजे काशाचा वारसा दोन्हीकडून आलेला. दख्खनच्या कालव्यांवर त्यानं पुंड्याची जागा घेतली. १९३२ मध्ये सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं पुढं को ७४० निवडला, आणि त्यानंतर एकेक करत कोसी ६७१, को ८६०३२, फुले २६५ हे वाण आले. आज जो को ८६०३२ कोल्हापुरात लावला जातो, तो को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचा वंशज. नावातच त्याचा जन्मदाखला आहे : कोइमतूर, १९८६ चा क्रम, बत्तीसावा. वंशावळ मागं नेत गेलं, की कुठल्या ना कुठल्या ओढ्याकाठचं काश भेटतंच.

आणि हा वारसा शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात दिसतो. आजच्या वाणांत साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात. त्यांतला मोठा भाग ऑफिसिनॅरमचा, दहा ते वीस टक्के काशाचा आणि थोडी गुणसूत्रं अर्धी याची अर्धी त्याची, सांधा मधेच पडलेली. हिश्श्यानं काश लहान भागीदार आहे, पण खोडवा त्याच्या जोरावर उभा असतो. लागणीचा ऊस तुटल्यावर बुडख्यातून पुन्हा जोमदार फुटवे येणं, त्याचा खोडवा आणि मग निडवा घेणं, हे जुन्या नोबल उसाला फारसं जमत नसे. बेणं, मशागत, लागणीची मजुरी यांचा खर्च वाचवणारा हा फुटवा जमिनीखाली जाळं पसरणाऱ्या काशाकडून आलेला आहे. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी तग धरणं, रोगाला तोंड देणं, कमी कसाच्या जमिनीत पाय रोवणं यांतही त्याचा हात आहे. कांडीतला चोथा वाढला तोही त्याच्यामुळं. म्हणून कारखान्याचा ऊस दातानं सोलायला गेलं, तर दात दुखतात आणि पुंड्या खाल्लेली जुनी माणसं नाकं मुरडत. पण त्याच चोथ्यावर कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि आता वीजही विकली जाते. २०२४ मध्ये रियुनियन बेटावरच्या आर ५७० या वाणाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. ११४ गुणसूत्रांची, एकमेकींवर चढलेल्या जवळपास सारख्या प्रतींची ही गुंतवळ सोडवायला जगभरच्या प्रयोगशाळांना वर्षं लागली. गहू, भात, मका यांचे जनुकसंच कधीच वाचून झाले होते. ऊस इतका मागं राहिला तो या मिश्र वारशामुळंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सगळं माणसानं घडवून आणलं. निसर्गात प्रजाती आपापल्या जागी असतात, उसाच्या दाखल्यावरून त्यांच्याबद्दल काय सिद्ध होतं? कासूरनं याचं अर्धं उत्तर दिलंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर भारतातल्या बारीक देशी उसांत आहे. पंजाब, उत्तर प्रदेश, बिहारकडं शतकानुशतकं जो सडपातळ, काटक ऊस लावला जात होता, त्याला येस्विट यांनी १९२५ मध्ये ‘सॅकरम बार्बेरी’ अशी वेगळी प्रजाती म्हणून मान्यता दिली. चीनच्या उसाला रॉक्सबर्ग यांनी त्याच्या शंभर वर्षं आधी ‘सॅकरम सायनेन्स’ हे नाव दिलं होतं. २००२ मध्ये आंजेलिक द’ओं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रजातींच्या गुणसूत्रांना वेगवेगळे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यांत दोन रंग शेजारी शेजारी दिसले : ऑफिसिनॅरमचा आणि काशाचा. म्हणजे न्यू गिनीतून निघालेला नोबल ऊस माणसांबरोबर आशियात सरकत आला, वाटेत त्याला ठिकठिकाणचं काश भेटलं, आणि कुणी ठरवून न करताही संकर झाले. शेतकऱ्यानं फक्त त्यांतले बरे निवडून पुढं लावले. ज्याला आपण उत्तर भारताचा अस्सल देशी ऊस म्हणत होतो, तो मुळात संकरच निघाला. ओकच्या जंगलात तर शेतकरीही नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सगळं सगळ्यात मिसळतं असं म्हटलं, तर प्रजाती हा शब्दच निकामी होतो. मग वनस्पतींची नोंद, संरक्षण, कायदे कशाच्या आधारे करायचे? इथं उसाच्या दोन पालकांकडं पुन्हा पाहावं लागतं. नोबल ऊस आणि काश यांचा संकर होतो, हे खरं. पण म्हणून काश नाहीसं झालं का? सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात नदीच्या मळईपर्यंत ऊस आहे, त्याच्या बांधापलीकडं काश आहे, दोघांनाही तुरे येतात. तरी काश हे काशच राहिलं आहे आणि ऊस उसाच्या जागी आहे. उसाचं बी अगदी बारीक, धुळीसारखं. ते रुजायला जी ओल, ऊब आणि निगराणी लागते ती रानात कोण देणार? चुकून रुजलंच, तर त्या जाड, गोड, सावकाश वाढणाऱ्या रोपाचा ओढ्याकाठी निभाव लागत नाही. गुरं, उंदीर आणि पूर त्याचा निकाल लावतात. उलट बाजूनं, शेतात काशाच्या वळणाचं रोप उगवलं तर शेतकरी ते उपटून टाकतो. ऊस बियाणं पेरून लावलाच जात नाही, डोळ्यांची टिपरी पुरून लावला जातो. त्यामुळं एकदा निवडलेला वाण वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. कुंपण आहेच, पण ते गर्भधारणेपाशी नाही. गर्भधारणेनंतरच्या आयुष्यात आहे. काश टिकतं ते मळईच्या निवडीमुळं, ऊस टिकतो तो शेतकऱ्याच्या निवडीमुळं, आणि ते दोन ओक टिकतात ते ओलसर सखल जमीन आणि कोरडा उतार यांच्या निवडीमुळं. म्हणून प्रजाती हा शब्द टाकून द्यायचं कारण नाही. त्याच्यापाठी आपण जी जन्मजात अलगतेची कल्पना उभी केली आहे, ती काढून घ्यावी लागते, इतकंच. यात एक किंमतही मोजावी लागते, हे कबूल करायला हवं. अशी व्याख्या काठावरच्या झाडांना स्पष्ट उत्तर देत नाही, आणि हर्बेरियमच्या कागदावर नाव लिहिणाऱ्याला तर स्पष्ट उत्तर हवं असतं. पण काठावर संदिग्धता असणं हा झाडांचाच गुण असेल, तर ती व्याख्येनं लपवून काय साधणार?

तिसरा आक्षेप कोल्हापुरात हमखास ऐकू येतो, आणि तो चवीचा आहे. संकरित म्हणजे बेचव, गावरान म्हणजे अस्सल; टोमॅटोपासून कोंबडीपर्यंत हेच सूत्र आपण लावतो. गुळाच्या बाबतीत ते तपासून पाहता येतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. कोल्हापूरच्या बाजारपेठेतून त्याचे रवे गुजरातपर्यंत जातात. हा गूळ ज्या उसाचा होतो, तो गेली कित्येक दशकं संकरितच आहे. गुऱ्हाळवाले को ९२००५ किंवा कोसी ६७१ सारख्या वाणांना पसंती देतात, ते त्यांचा रंग चांगला उतरतो आणि कणी चांगली पडते म्हणून. गुळाचं कोल्हापूरपण येतं ते नदीकाठच्या जमिनीतून, पाण्यातून आणि काहिलीपाशी उभ्या असलेल्या गुळव्याच्या हातातून : रानभेंडीचा चीक केव्हा घालायचा, मळी कितीदा काढायची, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी झाली की काहील उतरवायची. कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचं बरंचसं काम याच बाबींवर आहे. भौगोलिक निर्देशांकानं मिळालेला हक्क उसाच्या शुद्ध वंशाचा नाही, जागेचा आणि रीतीचा आहे. मला यात मोठी सुसंगती दिसते. शिवाय गावरानपणाचाच हट्ट धरायचा, तर पुंड्याचे पूर्वज न्यू गिनीचे आणि काश मात्र इथलंच. संकरामुळं आपल्या उसात जे इथलं आलं ते काशाकडून आलं. अर्थात पुंड्या खायला गोड आणि मऊ होता, हे कुणी नाकारू नये. तो गेल्यानं एक चव गेली. ती गेली ती कारखान्याला चोथा आणि टनेज हवं होतं म्हणून. संकर त्याच्याही उलट दिशेनं करता आला असता.

इथवर संकराची बाजू मांडली, पण तिच्यात एक खरा धोका आहे आणि तो शुद्धतावाद्यांना दिसत नाही. जगभरच्या गाळपाच्या उसात काशाचा वारसा आला तो अगदी मोजक्या झाडांकडून. जावातला तो एक बाप, कोइमतूरच्या आसपासचे काही, उत्तर भारतातल्या बारीक उसांमार्फत आणखी थोडे. पुढचे सगळे संकर याच मंडळींच्या नातवंड-पणतवंडांत झाले. वाणांची नावं शेकड्यांनी असली तरी कुटुंब लहान आहे. त्यात एकच वाण मोठ्या क्षेत्रावर गेला की काय होतं, ते उत्तर प्रदेशात नुकतंच दिसलं : को ०२३८ या वाणानं तिथली बहुतेक शेतं व्यापली, साखरेचा उतारा वाढला, आणि मग लाल कूज आली. आपल्याकडं को ८६०३२ वर दीर्घकाळ भिस्त आहे. तांबेरा, चाबूक काणी, गवताळ वाढ या रोगांचे जंतू बदलत राहतात. टिपरीनं लावलेला वाण तसाच राहतो. या शर्यतीत उसाला नवं काही हवं असेल, तर ते तिथूनच यायला हवं जिथून ते पूर्वी आलं. काश पिढ्यान्‌पिढ्या बियांतून नवं होत राहतं, आणि प्रत्येक नदीच्या काठचं काश थोडं निराळं असतं. केरळातल्या कन्नूरला ऊस आणि त्याच्या रानटी नातलगांचा जगातला एक मोठा संग्रह जपून ठेवला आहे. पैदास करणाऱ्यांचं काम त्यावर चालतं. कोल्हापूरच्या दारातच, आंबोलीच्या दमट हवेत वसंतदादा साखर संस्थेचं ऊस पैदास केंद्र आहे; तिथं उसाला तुरा येतो, बी धरतं आणि नवे संकर होतात. बियांतल्या हजारो रोपांतून एखादा वाण निवडून शेतकऱ्याच्या हाती द्यायला दहाबारा वर्षं सहज जातात.

संग्रहात ठेवलेलं काश सुरक्षित असतं, पण थांबलेलं असतं. गोळा केलं त्या दिवशी त्यात जे होतं तेवढंच त्याच्यापाशी राहतं. काठावरचं काश मात्र २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांतून गेलं आहे, त्यानंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांतून गेलं आहे आणि त्या दरम्यान जे फुटवे तगले त्यांचंच बी पुढं पडलं आहे. अशा काठांची आज कुणीच गणती करत नाही. वनखात्याच्या यादीत काश दुर्मिळ नाही, म्हणून तिथं त्याला संरक्षण नाही. शेतीखात्याच्या लेखी ते तण. नदीसुधारणेच्या आराखड्यात काठाला दगडी घाट, फरसबंदी आणि शोभेची झाडं असतात. गाळाची मोकळी मळई, जिच्यावर हे गवत जगतं, ती अस्वच्छ जागा ठरते. तिकडून ऊसही सरकत सरकत पाण्यापर्यंत आला आहे, पूररेषेच्या आत, आपल्याच बापाच्या जागेवर. एखाद्या प्रजातीचं संरक्षण ती संकटग्रस्त ठरल्यावरच करायचं, हा नियम जुन्या व्याख्येतून आला आहे, कारण त्या व्याख्येला प्रजाती एक अखंड वस्तू वाटते : आहे किंवा नाही. ओळख जागेवर आणि जगण्याच्या रीतीवर अवलंबून असेल, तर जपायची ती जागा, आणि एकाऐवजी अनेक जागा. पंचगंगा, वारणा, दूधगंगा, हिरण्यकेशी या नद्यांच्या काठी, घाटमाथ्याच्या पावसापासून शिरोळच्या उन्हापर्यंत, मळईचे काही तुकडे गाळपाच्या उसासाठी राखीव बेणेमळ्यासारखे राखून ठेवायला फार जमीन लागणार नाही. साखर कारखाने ऊसविकासावर खर्च करतातच. त्यातला लहानसा वाटा तिकडं वळवता येईल.